सरांच्या तोंडात बघताना

सरांनी मला नेमकं काय शिकवलं असं कुणी विचारलं, की मी अजून गडबडते. बसायला शिकवलं, एवढं खरं. बाकीचं त्यांनी शिकवलं, की माझं मीच शिकले, की मी चुकीचं समजले आणि तेच पुढे बरोबर निघालं, याचा उलगडा मला इतक्या वर्षांत झालेला नाही. माझ्या वर्गातले बरेच जण त्यांना विक्षिप्त म्हणतात आणि मोकळे होतात. मला तसं मोकळं होता येत नाही, कारण माझ्या आणि त्यांच्यामध्ये एक गोष्ट घडली होती.

कोल्हापुरातल्या एका डेंटल कॉलेजात सर तोंडाच्या तपासणीचा विभाग सांभाळायचे. दात काढायचा असो की कवळी बसवायची असो, पेशंट पहिल्यांदा या विभागात यायचा. इथं तोंड बघून, काय झालंय ते ठरवून मग त्याला पुढे पाठवायचं. याशिवाय आणखी एक विषय सरांनी स्वतःहून अंगावर घेतला होता. डॉक्टरनं खुर्चीशी कसं बसावं, मान किती वाकवावी, कोपर कुठं ठेवावं, हा तो विषय. पुस्तकात त्याला तीन-चार पानं होती. सर त्याला पंधरा दिवस द्यायचे, आणि ते पंधरा दिवस आम्हाला एकाही पेशंटला हात लावू द्यायचे नाहीत.

गंमत अशी, की सरांची स्वतःची मान उजवीकडे कललेली होती. सरळ व्हायचीच नाही. मागून कुणी हाक मारली तर त्यांना सगळ्या अंगानं वळावं लागे. हे कशानं झालं असं एकानं विचारलं, तेव्हा मोटारसायकलवरून पडलो म्हणाले. दुसऱ्याला सांगितलं, जन्मापासूनच आहे. मला म्हणाले, वीस वर्षं चुकीच्या स्टुलावर बसलो त्याचं हे फळ. यातलं खरं कोणतं हे आम्ही एकमेकांत ताडून पाहिलं, पण हाती काही लागलं नाही.

ते आम्हाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी हातकणंगल्याहून रोज ये-जा करायची, म्हणून मी 'हातकणंगले'. शेतकऱ्याच्या घरातली, डॉक्टरकीला आलेली घरातली पहिलीच मुलगी. त्यामुळे मला सगळ्याचीच भीती वाटायची आणि सरांची जरा जास्तच.

त्या पंधरा दिवसांत आम्ही चाकाच्या स्टुलावर बसायचो आणि दोन्ही काखांत वर्तमानपत्राची घडी धरायचो. घडी पडली म्हणजे कोपर उचललं गेलं. मग उठून पुन्हा पहिल्यापासून बसायचं. बसायची जागा घड्याळाच्या हिशोबानं सांगायची. पेशंटचं डोकं म्हणजे घड्याळाचा मध्य. डोक्याच्या बरोबर मागं बसलात तर बारा वाजले, पेशंटच्या उजव्या अंगाला बसलात तर नऊ. सर येता-जाता मध्येच विचारायचे, "किती वाजले?" आम्ही घाबरून नऊ नाहीतर अकरा म्हणायचो. पुढं पेशंट बघायला लागल्यावरही हा प्रश्न सुटला नाही. एकदा खुर्चीत पडलेल्या एका आजोबांनी मनगटाकडं बघून तोंडातल्या बोटांसकट उत्तर दिलं, "साडेधा झालं की." सर त्यांना म्हणाले, बरोबर आहे. मी अकरा म्हटलं होतं, आणि मला त्यांनी चूक ठरवलं.

शिवाजी पेठेत सरांच्या घराजवळ एक सलून होतं. तिथं त्यांनी आम्हाला एका रविवारी दोघादोघांनी पाठवलं आणि तासभर बाकावर बसून नुसतं बघायला सांगितलं. दोन मुली सलूनच्या बाकावर बसलेल्या पाहून गिऱ्हाईकं अवघडली. पण मी बघितलं. सलूनचे मामा गिऱ्हाइकाचं डोकं दोन बोटांनी हवं तिकडं वळवत होते, स्वतः वाकत नव्हते. मोठा शोध लागल्यासारखं मी सोमवारी सरांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मामांचा डावा पाय कुठं होता. ते मी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, काही उपयोग नाही. पुढच्या रविवारी दुसरी दोघं गेली, त्यांनी पायाकडं बघून घेतलं, तर सर त्यांना म्हणाले, पाय कसले बघता, हात बघायचे असतात.

निदान शिकवतानाही हाच प्रकार. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येईतो निम्मं निदान झालं पाहिजे, असं ते एका दिवशी सांगायचे. तो चालतो कसा, घास कोणत्या बाजूनं चावत असेल, नखं कशी आहेत. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, तोंडात बघायच्या आधी डोक्यात काही ठरवायचं नाही. माझ्या वहीत ही दोन्ही वाक्यं समोरासमोरच्या पानांवर आहेत आणि दोन्हींच्या खाली मी लाल रेघ मारलेली आहे.

एकदा भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या. डाव्या बाजूची खालची दाढ दुखते म्हणाल्या. आमच्यातल्या तिघांनी एकेक दात वाजवून बघितला, गार पाणी लावून बघितलं. दात सगळे चांगले होते. सर आले, मावशींना त्यांनी खुर्चीतून उठवलं आणि व्हरांड्याच्या पायऱ्या चढून-उतरून यायला सांगितलं. मग तिसऱ्या पायरीवरच त्यांना थांबवलं, हाताला धरून खाली आणलं आणि दात वगैरे राहू दे म्हणून तसंच हृदयाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं कळलं, दुखणं हृदयाचं होतं आणि ते जबड्यात उमटत होतं. मावशी वाचल्या.

सगळे थक्क झाले होते आणि मी गप्प होते. कारण मावशींनी मला आधीच सांगितलं होतं, की जिना चढलं की दाढ जास्त ठणकते. मला ते विचित्र वाटलं होतं, पण बोलावं की नाही ते कळलं नव्हतं. हे मी सरांना सांगितलं आणि त्यांनी सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली. म्हणाले, "दिसलं, ऐकलं, की बोलायचं. मनात मुरवत ठेवायला ते काय लोणचं हाय?"

मी ते मनावर घेतलं. दोन महिन्यांनी कागलकडचे एक गृहस्थ आले, बायकोला घेऊन. गालाच्या आतून पांढरा चट्टा होता. तंबाखू खात होते. मी बघितलं आणि लगेच बोलले, मोठ्यानं, बायकोच्या देखत, की हा कॅन्सर असू शकतो. त्या माणसाचे खुर्चीच्या हातांवर ठेवलेले हात तसेच राहिले. बायको भिंतीला टेकली. सर आले, आरसा घालून बघितलं, बोट फिरवलं. वरच्या दाढेची कड तुटली होती आणि तीच गालाला घासत होती. त्यांनी कड घासून गुळगुळीत करायला सांगितली आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. पंधरा दिवसांनी चट्टा गेला होता. पण त्या पहिल्याच दिवशी, ते जोडपं बाहेर गेल्यावर, सर माझ्याकडं सगळ्या अंगानं वळले.

"तोंड उघडायचं काम पेशंटचं," ते म्हणाले. "तुझं न्हाय."

आता मी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा.

यानंतर आठ-दहा दिवसांनी ती गोष्ट घडली. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी सरांनी आमच्या आठ जणांच्या तुकडीला बोलावलं आणि स्वतः पेशंटच्या खुर्चीत जाऊन पडले. छातीवर रुमाल लावून घेतला. म्हणाले, एकेकानं यायचं, पडदा ओढायचा, तोंड पूर्ण तपासायचं आणि काय आढळलं ते केस पेपरवर लिहून ट्रेमध्ये टाकायचं. पेपरवर नाव लिहायचं नाही, रोल नंबरही नाही. का, ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्यांच्या अशा गोष्टींना आम्ही सरावलो होतो.

माझा नंबर सहावा होता. मी अकराच्या जागी बसले. ओठ पाहिले, गाल पाहिले, टाळू पाहिली. मग जिभेचं टोक कापसाच्या घडीत धरून जीभ उजवीकडं ओढली. डाव्या कडेला, अगदी मागं, तुरीच्या डाळीएवढा एक चट्टा होता. पांढरा, आणि मध्ये लाल. मी त्यावरून बोट फिरवलं. चट्टा मऊ नव्हता. खाली काहीतरी टणक लागलं.

सर वर दिव्याकडं बघत होते. तोंडात माझी बोटं असताना अडखळत त्यांनी विचारलं, "किती वाजले?" मी म्हटलं, अकरा, सर. आणि जीभ सोडली.

बाहेर येऊन मी केस पेपर घेतला आणि लिहिलं, जिभेची डावी कड, मागचा भाग, पांढरा-लाल चट्टा, टणक. मग तो कागद चुरगाळून एप्रनच्या खिशात घातला. दुसरा कागद घेतला आणि लिहिलं, विशेष काही आढळलं नाही. हे मी का केलं, त्याची तेव्हा माझ्याकडं दोन कारणं होती. एक म्हणजे कागलचा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता. दुसरं म्हणजे, सर रोज पन्नास तोंडं बघतात, त्यांना स्वतःचं तोंड माहीत नसेल का? मला वाटलं, ही परीक्षा आहे. दात जिभेला लागत असेल, आणि उगाच बोलणारं कोण आहे ते सर शोधतायत. आज ही दोन्ही कारणं लिहून काढली की किती पोकळ वाटतात. तेव्हा भक्कम वाटली होती.

नंतर चहाच्या गाड्यावर आम्ही आठही जण सरांच्या तोंडाबद्दल बोलत होतो. एक म्हणाला, त्यांना आपलं बसणं तपासायचं होतं. दुसरी म्हणाली, हात धुतो की नाही ते बघत होते. सरांचे दात किती, कवळी आहे का, यावर वाद झाला. जिभेचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी नेहमीसारखा तास घेतला. त्या कागदांविषयी एक अक्षर बोलले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि फळ्यावरचं काही उतरवत नव्हते. असे आठ दिवस गेले. जेवण जाईना. आईनं विचारलं तर अभ्यास आहे म्हटलं. शेवटी सोमवारी जाऊन सांगायचंच असं ठरवलं आणि सोमवारी सर रजेवर होते. शिपाईमामांनी सांगितलं, जिभेचं ऑपरेशन करून घ्यायला गेलेत, कॅन्सर निघालाय. सर तंबाखू सोडा, सुपारीसुद्धा खात नव्हते.

माझ्या खिशातला तो चुरगाळलेला कागद मी त्या दिवशी रेल्वेतून घरी परतताना फाडून टाकला.

सर पाच महिन्यांनी परत आले. बारीक झाले होते. गळ्यावर लांब व्रण होता. जिभेचा एक भाग काढल्यामुळे बोलणं जड झालं होतं, कित्येक अक्षरं निसटायची. हातकणंगले हा शब्द त्यांना पूर्ण म्हणता येईना, म्हणून ते मला नुसतं 'हात' म्हणायला लागले. शिकवणं मात्र तेच, घड्याळ तेच, काखेतली घडी तीच. मी त्यांच्यासमोर मान वर करायची नाही. ते मला एकदा म्हणाले, मान एवढी वाकवलीस तर चाळिशीत माझ्यासारखी होशील. यात दुसरा काही अर्थ आहे का, यावर मी आठवडाभर विचार केला.

मी पास झाले. लग्न झालं. शाहूपुरीत माझा दवाखाना झाला. तिथं एका दुपारी, त्या तपासणीनंतर सात वर्षांनी, सर पेशंट म्हणून आले. रेडिएशननंतर तोंड कोरडं पडतं आणि दात लवकर किडतात, तसे त्यांचे किडायला लागले होते. कोल्हापुरात इतके त्यांचे विद्यार्थी असताना ते माझ्याकडं का आले, ते मी विचारलं नाही. आधी दुसरंच बोलायचं होतं. खुर्ची आडवी करायच्या आधीच मी सांगून टाकलं.

"सर, त्या दिवशी मला दिसलं होतं. मी लिहिलं नाही."

त्यांनी रुमालानं ओठ पुसले. त्यांचं बोलणं सलग येत नव्हतं, मी इथं सलग लिहिते आहे. म्हणाले, "आठी कागदांवर काही न्हाय म्हणूनच लिहिलं हुतं. पण तुझं बोट थांबलं."

मला समजलं नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं. बाकी सात जणांची बोटं त्या चट्ट्यावरून सरळ पुढं गेली, माझं एकटीचं तिथं थांबलं. तीन आठवडे ते स्वतः आरशात तो चट्टा बघत होते आणि दात लागत असेल असं स्वतःला सांगत होते. दाताची कड घासून गुळगुळीत करून घेतली, पंधरा दिवस उलटले, चट्टा गेला नाही, तरी तुकडा काढून तपासायला द्यायचं धाडस होईना. माझं बोट थांबलं आणि त्यांना कळलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तुकडा तपासायला दिला. म्हणजे मी जे आठ दिवस जेवत नव्हते, त्या आठ दिवसांत त्यांचा रिपोर्ट येत होता.

मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. सात वर्षं मी हे उराशी घेऊन फिरले होते. मी विचारलं, मग मला एका शब्दानं सांगितलं का नाही? ते म्हणाले, तू विचारलंस कुठं? मी म्हटलं, आणि तुम्ही? तुम्ही मला तिथंच का नाही विचारलं, बोट का थांबलं म्हणून?

सरांनी समोरच्या नळाचं घोटभर पाणी घेऊन कोरडं तोंड ओलं केलं.

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस," ते म्हणाले. "मला ते कुणाच्या तोंडनं ऐकायचं नव्हतं, कागदावर वाचायचं हुतं. म्हणून तर नावं लिहू दिली न्हाईत."

मग ते खुर्चीत आडवे झाले आणि त्यांनी तोंड उघडलं. पुढं काही बोलायला जागाच राहिली नाही.

हे खरं होतं, की माझं ओझं उतरावं म्हणून त्यांनी रचलं, ते मला ठरवता येत नाही. बोट थांबलं होतं हे मला आठवतं. पण ते किती थांबलं? जिभेवरच्या एका क्षणावरून एवढं कळतं का? एखाद्या दिवशी वाटतं, कळतं. मीसुद्धा आता पेशंटच्या नुसत्या खांद्यावरून ओळखते, की कुठल्या दाताला हात लावल्यावर दुखणार आहे. एखाद्या दिवशी वाटतं, सरांनी मला शिताफीनं माफ केलं. माझ्या नवऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, दोन्ही असेल. मला तेही पटलं.

तेव्हापासून सर दर तीन महिन्यांनी येतात. यंदा दिवाळीनंतर आले तेव्हा उजव्या गालाच्या आत, मागं, एक छोटी जखम होती. कडा पांढऱ्या, मध्ये लाल. मी बोट फिरवलं. टणक आहे की नाही ते नीट कळेना. मी आरसा खाली ठेवला आणि सांगितलं. कुठं आहे, केवढी आहे, कशी दिसते, मला कशाची शंका येते, सगळं. सर म्हणाले, हे झोपेत चावलेलं आहे. मी म्हटलं, असेल, पण मी आज दाढेची कड घासते आणि तुम्ही पंधरा दिवसांनी यायचं. जखम तेव्हाही असली तर तुकडा काढून तपासायचा. ते वाद घालायला लागले, तेव्हा मी त्यांचा गाल दोन बोटांनी वळवला आणि काम सुरू केलं.

पंधरा दिवसांनी बरोबर दहाला ते दारात उभे होते. दवाखाना उघडायचा होता. मी खुर्ची आडवी केली, दिवा लावला. गाल गुळगुळीत होता. जखमेचा मागमूस नव्हता. मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बोट फिरवलं आणि मग सांगितलं, गेली.

"चुकलीस," सर म्हणाले.

हो म्हटलं, चुकले.

"लई बरं वाटलं." त्यांनी डोळे पुसले. मग खुर्चीतून पाय खाली सोडता सोडता चिडले. पंधरा दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता, घरात कुणाशी नीट बोलले नव्हते. पेशंटला इतकं घाबरवायचं मी कुठं शिकले, असं ते मला विचारत होते. मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंत. ते म्हणाले, मी असलं काही शिकवलेलं नाही.

चपला घालून ते दाराशी गेले. तिथं थांबले आणि सगळ्या अंगानं वळले.

"पुढच्या वेळंला काय दिसलं तर?"

मी म्हटलं, सांगणार.

त्यांनी मान हलवली. कललेल्या मानेचं हलणं होकाराचं की नकाराचं, ते मला कॉलेजातही कधी कळलं नव्हतं, तेव्हाही कळलं नाही. ते गेले. मी हात धुतले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.